चंद्र आपल्या जागी

तुम्हांला एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझीच झाली होती, म्हणून तो चांगला लक्षात राहिला आहे.

एका शाळेत छायाचित्रांचे प्रदर्शन होते. परीक्षक म्हणून मला बोलावले होते. नववीच्या वर्गाला त्यांच्या शिक्षकांनी एक वेगळेच काम दिले होते. वर्गातील एका मुलीने मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या आजोळी एक फोटो काढला होता. गावाबाहेरचा तलाव, मागे बोडकी टेकडी, काठावर एक बाभूळ, विजेचा एक खांब आणि डाव्या कोपऱ्यात पाण्याचा टँकर. टँकरपुढे हंडे-घागरी घेऊन उभी असलेली बायकांची रांग. हा एकच फोटो शिक्षकांनी सगळ्या वर्गाला दिला आणि सांगितले, "मोबाइलवर किंवा संगणकावर तो आपापल्या मनाप्रमाणे तयार करून आणा."

भिंतीवर वीस-बावीस फोटो लावलेले होते. मूळ फोटो एकच, पण एकासारखा दुसरा नव्हता. एका मुलाने फक्त सावल्या उजळल्या होत्या. मूळ फोटोत बाभळीखाली नुसता काळोख होता. त्याच्या फोटोत तेथे बसलेल्या दोन शेळ्या दिसू लागल्या होत्या. दुसऱ्या एका मुलीने सगळे रंग काढून टाकून फोटो कृष्णधवल केला होता. रंग गेल्याबरोबर तलावाच्या तळाच्या भेगा डोळ्यांत भरत होत्या. तिसऱ्याने सगळीकडे पिवळसर झाक आणली होती. तो फोटो पाहताना ऊन अंगाला चटकत असल्यासारखे वाटे. आणि चौथा! चौथ्या फोटोत टेकडी हिरवीगार, तळाशी उरलेले पाणी निळेशार आणि आकाशात कापसासारखे पांढरे ढग होते. विजेचा खांब नाहीसा झाला होता. टँकरही नव्हता. रांगही नव्हती. काम इतके सफाईचे होते की तेथे काही होते अशी शंकाही येऊ नये.

मी पहिले बक्षीस त्या चौथ्या फोटोला दिले.

बक्षीस समारंभ संपला. मी चहा घेत उभा होतो, तेव्हा मूळ फोटो काढणारी मुलगी जवळ आली. सलाम करून हळूच म्हणाली, "सर, फोटो छान झालाय. पण त्या रांगेत माझी नानी होती."

मला उत्तर सुचले नाही. घरी येताना आणि नंतर कितीतरी दिवस मी त्या वाक्याचा विचार करत होतो. माझे जे मत झाले ते आज तुमच्यापुढे मांडतो. ते तुम्हांला पटलेच पाहिजे असे नाही.

असा प्रसंग ऐकला की पुष्कळ लोक लगेच म्हणतात, "फोटोला हातच लावू नये. जसा आला तसा ठेवावा." ऐकायला हे सरळ वाटते. पण 'जसा आला तसा' फोटो नावाची वस्तू या जगात नाही. भर दुपारी झाडाखाली उभे राहून समोर पाहा. तुमचा डोळा उन्हातल्या टेकडीवर जातो, मग सावलीतल्या शेळीवर येतो आणि प्रत्येक वेळी स्वतःला सावरून घेतो. म्हणून तुम्हांला टेकडीही दिसते आणि शेळीही दिसते. कॅमेऱ्याला एवढी शक्ती नाही. टेकडी नीट आली तर सावली काळी होते. सावली नीट आली तर आकाश पांढरेफटक होते. मग शेळ्या दिसाव्यात म्हणून सावली उजळणारा तो मुलगा खोटे बोलला का? उलट, काठावर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसले असते त्याच्या तो अधिक जवळ गेला. आजचे मोबाइल तर तुम्ही बटण दाबताच अनेक फोटो घेतात, ते एकत्र करतात, उजेड आणि रंग ठरवतात आणि मगच फोटो तुमच्यापुढे ठेवतात. हात लागलेलाच असतो, फक्त तो तुमचा नसतो!

तेव्हा प्रश्न हात लावण्याचा नाही. कोठे लावायचा आणि कोठे नाही, याचा आहे. तो नीट समजावा म्हणून तुम्हांला फार दूर, अमेरिकेतील न्यू मेक्सिको या राज्यात नेतो.

अॅन्सल अॅडम्स हे अमेरिकेचे फार मोठे छायाचित्रकार होते. त्यांचा जन्म १९०२ सालचा आणि मृत्यू १९८४ सालचा. डोंगर, नद्या, बर्फ आणि आकाश हे त्यांचे विषय. १९४१ च्या शरद ऋतूत एके दिवशी संध्याकाळी ते मोटारीने सांता फे शहराकडे परत चालले होते. बरोबर त्यांचा लहान मुलगा आणि एक मित्र होता. दिवसभर फिरूनही मनासारखे चित्र मिळाले नव्हते. वाटेत हर्नांडेझ नावाचे एक खेडे लागले. लहानसे चर्च, मातीची घरे आणि पुढे कबरस्तान. मावळत्या सूर्याचे शेवटचे किरण कबरींवरच्या पांढऱ्या क्रुसांवर पडले होते आणि ते क्रूस चमकत होते. मागे बर्फाचे डोंगर होते आणि त्यांच्यावर जवळजवळ पूर्ण चंद्र उगवलेला होता.

अॅडम्स यांनी मोटार रस्त्याच्या कडेला घातली आणि ओरडून सामान मागवले. त्यांचा कॅमेरा आपल्या मोबाइलसारखा नव्हता. मोठी लाकडी पेटी, तिपाई, काळे कापड आणि वहीच्या पानाएवढी फिल्म. हे सगळे उभे केले. पण उजेड मोजण्याचे यंत्र काही सापडेना. सूर्य तर चालला होता! तेव्हा त्यांना आठवले की चंद्राचा उजेड किती असतो हा आकडा आपल्याला पाठ आहे. त्या आकड्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि एक सेकंदभर फिल्मवर प्रकाश घेतला. दुसरा फोटो घ्यावा म्हणून फिल्मची पेटी उलटी करीत होते, तेवढ्यात क्रुसांवरचे ऊन गेले. दुसरा फोटो झालाच नाही. जे काही होते ते एकाच निगेटिव्हमध्ये होते.

निगेटिव्ह म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले नसेल. तुमच्या अब्बांना किंवा नानांना विचारा. कपाटातल्या एखाद्या जुन्या पाकिटात ती काळपट पट्टी अजून असेल. तिच्यात उजेडाच्या जागी काळे आणि काळोखाच्या जागी पारदर्शक असते. अंधाऱ्या खोलीत तिच्यातून कागदावर प्रकाश पाडला की फोटो तयार होतो. ज्या भागावर प्रकाश जास्त वेळ पडेल तो भाग अधिक काळा होतो. ज्या भागावर पुठ्ठ्याची सावली धरावी तो उजळ राहतो. म्हणजे फोटो तयार करणाऱ्याच्या हातात एक पुठ्ठा आणि घड्याळ असले की एकाच निगेटिव्हमधून तो किती तरी निरनिराळे फोटो काढू शकतो. आज तुम्ही मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवून उजेड कमी-जास्त करता ना, तेच काम हे पुठ्ठे करीत असत.

हर्नांडेझच्या निगेटिव्हने अॅडम्स यांना फार त्रास दिला. चंद्र ठीक आला होता, पण खालची जमीन फिकी होती. १९४८ साली त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनाची प्रक्रिया करून तो भाग थोडा ठळक केला. त्यानंतरही प्रत्येक वेळी ते तो फोटो नव्याने करीत राहिले. सुरुवातीच्या फोटोंत आकाश राखाडी आहे आणि त्यात ढगांचे पुसट पट्टे दिसतात. जसजशी वर्षे गेली तसतसे आकाश काळे होत गेले. शेवटच्या काळातील फोटोंत ते जवळजवळ काजळासारखे आहे आणि त्यात चंद्र एकटा लटकत आहे. एका निगेटिव्हमधून सुमारे ४० वर्षांत त्यांनी हजाराहून अधिक फोटो स्वतःच्या हातांनी तयार केले. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवले तर पहिल्यात संध्याकाळ वाटते आणि दुसऱ्यात रात्र.

मला विचाराल तर मला पहिलाच अधिक आवडतो. राखाडी आकाशात गाव अजून जागे वाटते. पण बहुतेक लोकांना काळे आकाशच आवडते.

अॅडम्स तरुणपणी पियानो वाजवण्यात निपुण होते. ते निगेटिव्हची तुलना संगीताच्या लिहिलेल्या स्वरलिपीशी करीत आणि तयार फोटोची तुलना प्रत्यक्ष वादनाशी करीत. स्वरलिपी एकच, पण वाजवणारा प्रत्येक वेळी ती नव्याने वाजवतो. तुम्हांला पियानोपेक्षा जवळचे उदाहरण देतो. तुम्ही मुशायरा ऐकला असेल. एक शायर आपली गझल तहतमध्ये म्हणतो, म्हणजे न गाता, शब्दांचे वजन सांभाळून. दुसरा तीच गझल तरन्नुममध्ये म्हणतो. गालिबच्या गझला बेगम अख्तर यांनी गायिल्या, मेहदी हसन यांनी गायिल्या, जगजीत सिंग यांनीही गायिल्या. कोणी एका शब्दावर थांबतो, कोणी तो शब्द पुन्हा पुन्हा घोळवतो. कोणी नऊ शेरांपैकी पाचच गातो. आपण म्हणतो का, की यांतले एकच खरे आणि बाकीचे खोटे? नाही म्हणत. गझल गालिबचीच राहते. पण समजा, एखाद्याने मिसऱ्यातला एक शब्द काढून तेथे स्वतःचा शब्द घातला आणि गालिबचा शेर म्हणून ऐकवला. मग तुमच्या घरातले वडीलधारे काय म्हणतील? "बेटा, हा शेर असा नाही." आवाज कितीही गोड असला तरी ते त्याला तेथेच थांबवतील.

फोटोतही ही सीमा आहे, असे माझे मत आहे. उजेड आणि काळोख, फिकट आणि गडद, रंगीत आणि कृष्णधवल हा सगळा तरन्नुमचा भाग झाला. पण काय होते, कोठे होते, कोण होते, हा मिसरा आहे.

हर्नांडेझच्या फोटोचीच पुढची गंमत सांगतो. अॅडम्स यांना तारखा लिहून ठेवण्याची सवय नव्हती. हा फोटो नेमका कधी काढला हे त्यांना सांगता येईना. कधी एक साल सांगत, कधी दुसरे. शेवटी खगोलशास्त्र जाणणाऱ्या लोकांनी हा प्रश्न हातात घेतला. चंद्र आकाशात कोठे आणि किती उंच आहे, त्याचा आकार किती भरलेला आहे, तो कोणत्या डोंगराच्या वर आहे, हे फोटोवरून मोजता येत होते. १९८० च्या सुमारास एकाने गणित करून १९४१ च्या ऑक्टोबरची ३१ तारीख काढली. पुढे १९९१ साली दुसऱ्या एकाने कॅमेऱ्याची जागा अधिक काटेकोरपणे शोधून ती चूक दुरुस्त केली. १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे, असे उत्तर आले.

विचार करा. या माणसाने त्या आकाशाचा रंग हजार वेळा बदलला होता. संध्याकाळची रात्र केली होती. तरीही पन्नास वर्षांनंतर कोणीतरी त्या फोटोला विचारले, "तू कधीचा आहेस?" आणि फोटोने मिनिटासह उत्तर दिले. का देऊ शकला? कारण अॅडम्स यांनी चंद्राला जागेवरून हलवले नव्हते. चित्र अधिक सुंदर दिसावे म्हणून चंद्र बोटभर डावीकडे घेतला असता तर पाहणाऱ्यांपैकी कोणालाही कळले नसते. पण मग त्या फोटोला कोणताही प्रश्न विचारण्यात अर्थ उरला नसता.

फ्रान्समध्ये गुस्ताव ले ग्रे नावाचे एक छायाचित्रकार होऊन गेले. १८५७ च्या सुमारास त्यांनी काढलेल्या समुद्राच्या फोटोंनी लोकांना थक्क केले होते. त्या वेळच्या काचेच्या निगेटिव्हवर निळ्या रंगाचा परिणाम फार लवकर होई. त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश कोरे राही. ले ग्रे यांनी युक्ती केली. आकाशाचे निगेटिव्ह वेगळे, समुद्राचे वेगळे घ्यायचे आणि कागदावर दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडायचे. युक्ती मोठी होती, यात शंका नाही. पण ते कधी कधी एकच ढगाळ आकाश एकाहून अधिक समुद्रांवर बसवीत. चित्रे अप्रतिम आहेत. परंतु त्या दिवशी त्या किनाऱ्यावर ढग कसे होते, हे त्यांना विचारून उपयोग नाही.

आता याच्याही पुढची पायरी पाहा. १९८२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात नॅशनल जिऑग्राफिक या प्रसिद्ध मासिकाच्या मुखपृष्ठावर मिसर देशातील गिझाच्या पिरॅमिडांचा फोटो छापला होता. पुढे उंटांवरून जाणारी माणसे, मागे पिरॅमिड. मूळ फोटो आडवा होता आणि मुखपृष्ठ उभे असते. आडवे चित्र उभ्या चौकटीत बसेना. तेव्हा संगणकाच्या साहाय्याने दोन पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकवले! साडेचार हजार वर्षांत जे कोणाला जमले नाही ते एका मासिकाच्या कचेरीत झाले. वाचकांना कळले तेव्हा मोठी टीका झाली. संपादकांचे म्हणणे असे होते की छायाचित्रकार थोडा बाजूला उभा राहिला असता तर असेच दिसले असते. आम्ही त्याला फक्त मागाहून बाजूला केले. हा युक्तिवाद चतुर आहे, पण तो मला पटत नाही. बाजूला उभा राहिला असता तर उंटही वेगळे दिसले असते, सावल्याही वेगळ्या दिसल्या असत्या. जी जागा अस्तित्वातच नाही तेथे उभे राहून कोणी फोटो काढू शकत नाही. पुढे त्या मासिकानेही ही चूक होती असे मान्य केले.

तुम्ही म्हणाल, पिरॅमिड इकडचे तिकडे झाले तर कोणाचे काय बिघडले? पिरॅमिडांचे काहीच बिघडले नाही. बिघडले ते पुढच्या फोटोचे. त्यानंतर त्या मासिकात एखादा विलक्षण फोटो दिसला की वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येऊ लागला, "हे खरे असेल का?"

येथे अॅडम्स यांचीच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हांला वाटेल की मी त्यांना निर्दोष ठरवतो आहे. १९४४ साली त्यांनी कॅलिफोर्नियात लोन पाइन या गावाजवळ हिवाळ्यातील सूर्योदयाचा एक फोटो काढला. पाठीमागे उन्हात न्हालेला बर्फाचा डोंगर, मधे काळ्या सावलीतल्या टेकड्या आणि पुढे कुरणात चरणारा एक घोडा. त्यांतल्या एका टेकडीवर तेथल्या शाळेच्या मुलांनी चुन्याने आपल्या गावाच्या नावाची दोन मोठी इंग्रजी अक्षरे रंगवली होती, 'एल' आणि 'पी'. अॅडम्स यांना ती अक्षरे म्हणजे निसर्गावरचा डाग वाटली. त्यांनी निगेटिव्हवरून ती जमतील तेवढी पुसून टाकली आणि उरलेली खूण फोटोवर रंगाचे ठिपके देऊन झाकली. त्यांनी हे लपवले नाही, स्वतःच लिहून ठेवले. काही लोकांनी त्यांना दोषही दिला. पण आपण केले ते योग्यच होते असे त्यांना वाटत राहिले.

मी त्यांच्या बाजूने नाही. टेकडीवर चुना फासणे चांगले की वाईट, हा वाद वेगळा. मलाही गडावरच्या दगडांवर नावे कोरलेली पाहून चीड येते. पण त्या गावात मुले होती, ती टेकडी चढली होती आणि त्यांनी आपल्या गावाचे नाव लिहिले होते. अॅडम्स यांचा फोटो पाहून वाटते की त्या पहाटे तेथे एका घोड्याशिवाय कोणी नव्हते. शेजारी गाव होते, शाळा होती. नको असलेला माणूस पुसला की निसर्ग शुद्ध दिसतो खरा. पण तो पुसणाऱ्याच्या मनातला निसर्ग असतो. एवढ्या मोठ्या कलावंताबद्दल असे लिहिताना थोडा संकोच वाटतो. तरी माझे मत हेच आहे.

अॅडम्स यांना ती दोन अक्षरे पुसायला किती कष्ट पडले असतील! आज टँकर पुसायला काही क्षण लागतात. बोटाने गोल काढा, की टँकर गेला आणि त्याच्या जागी संगणकाने स्वतःच्या अंदाजाने माती भरली. कधी कधी तर तुम्ही न सांगताच काम होते. २०२३ साली एका कंपनीच्या मोबाइलबद्दल मोठी चर्चा झाली होती. एका माणसाने चंद्राचे चित्र मुद्दाम इतके पुसट केले की त्यावर काही खाणाखुणाच उरल्या नाहीत. ते पडद्यावर लावून, खोलीत अंधार करून, त्याने मोबाइलने त्याचा फोटो काढला. मोबाइलने त्या पुसट गोळ्यावर चंद्राचे डाग आणि खड्डे स्पष्ट दाखवले! समोर नसलेले तपशील त्याने स्वतःच्या माहितीवरून भरले होते. चंद्र आपल्या जागीच होता. पण तो फोटोतला चंद्र समोरचा नव्हता. हर्नांडेझच्या रस्त्यावर घाईघाईने हिशेब करणारा तो माणूस मला येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आता आपल्या तलावाकडे येऊ. मी आपली शंका त्या शाळेच्या शिक्षकांना बोलून दाखवली, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, हे कलेचे प्रदर्शन होते, कोर्ट नव्हे. मुलाला सुंदर तलाव दाखवायचा होता. चित्रकार रांग काढत नाही, तेव्हा आपण त्याला खोटारडा म्हणतो का?"

त्यांचे म्हणणे सहज टाळण्यासारखे नाही. चित्रकाराला आपण खोटारडा म्हणत नाही, कारण चित्र हातांनी काढले आहे आणि त्यातले प्रत्येक झाड निवडून घेतले आहे, हे आपण आधीच जाणतो. फोटोकडे आपण तसे पाहत नाही. 'फोटो आहे' म्हटले की आपण विश्वास ठेवतो. हा विश्वास फोटोने उसना घेतलेला असतो आणि तो कोणाकडून घेतला हे महत्त्वाचे आहे. त्या मुलाने फोटोखाली 'माझ्या कल्पनेतला तलाव' असे लिहिले असते तर माझी तक्रार नव्हती. तेथे लिहिले होते त्या गावाचे नाव.

मराठवाड्यात राहणाऱ्यांना पाण्याची रांग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. मिरजेहून निघून सुमारे साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून पहिली गाडी लातूरला पोचली, तेव्हा तिच्या दहा डब्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांतले कोरड्या तलावांचे आणि घागरींच्या रांगांचे फोटो देशभर छापले गेले. ज्यांनी कधी मराठवाडा पाहिला नाही त्यांना ते फोटो पाहूनच टंचाई कळली. त्या फोटोंतून कोणी 'सुंदर दिसावे' म्हणून टँकर काढला असता तर?

उलटेही होऊ शकते, हेही विसरू नका. तलावाच्या भेगा कृष्णधवल करून ठळक केल्या तर मी त्याला तरन्नुम म्हणेन. पण जेथे भेगा नव्हत्या तेथे त्या काढल्या तर तीही शब्दांची अदलाबदलच. दुःख जास्त दाखवण्यासाठी केलेला फेरफार चांगल्या हेतूने होतो, म्हणून तो पकडला गेला की जास्त नुकसान करतो. मग खरी रांग दाखवली तरी लोक म्हणतात, "हाही संगणकाचा खेळ असेल."

फोटोची कड कापण्याबद्दल मात्र माझे मत पक्के झालेले नाही. एखाद्याने डावा कोपरा कापून टँकर चौकटीबाहेर ठेवला असता तर? गायक पाचच शेर गातो, तसेच हे झाले. शिवाय फोटो काढणाऱ्यानेही कॅमेरा रोखताना काहीतरी बाहेर ठेवलेलेच असते. जे उरले ते एकमेकांच्या शेजारी खरेच होते, एवढे तरी अशा फोटोबद्दल म्हणता येते. तरी नानी बाहेर राहिलीच असती. तुम्ही यावर वर्गात वाद घाला. मला ऐकायला आवडेल.

तुमच्या-माझ्या भाषेत एक गमतीची गोष्ट आहे. मराठीत आपण फोटोला 'तसबीर' म्हणतो, तुम्ही उर्दूत 'तस्वीर' म्हणता. 'अस्सल' आणि 'नक्कल' हे शब्दही आपण दोघेही वापरतो. त्या मुलीच्या फोटोबाबत मात्र अस्सल कोणता आणि नक्कल कोणती, हे ठरवणे मला एका संध्याकाळी जमले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या शाळेत गेलो. दिलेले बक्षीस परत घेणे मला योग्य वाटले नाही. त्या मुलाचे कौशल्य खरे होते आणि नियम मी आधी सांगितला नव्हता. मी त्याला फक्त म्हणालो, "मूळ फोटो तुझ्या फोटोशेजारी लावू या का?" त्याने मोबाइल काढला आणि शोधू लागला. मूळ फोटो त्याच्याकडे उरलाच नव्हता. बदललेला फोटो त्याने त्याच्याच जागी साठवला होता. तो जरा ओशाळला. मग ज्या मुलीने फोटो काढला होता तिच्याकडून त्याने स्वतःच मागून आणला, त्याची प्रत काढून घेतली आणि आपल्या हिरव्या टेकडीच्या शेजारी लावली.

खाली काय लिहावे, असे त्याने तिला विचारले. तिने थोडा विचार केला आणि आधी उर्दूत, मग त्याखाली मराठीत लिहिले : "मे महिना. टँकर दुपारी आला. डावीकडून तिसरी, माझी नानी."